मदत हवी आहे: बाबा आणि त्यांच्या तीन मित्रांना गोल्फ खेळायला न्यायचंय (चौघंही जुने कॅडी)

नमस्कार मंडळी,

गोल्फमधलं मला शून्य कळतं, म्हणून हा धागा काढतोय. बाबांना फेब्रुवारीत सत्तर पूर्ण होतील. शाल-श्रीफळ नको, हॉलबिल नको असं त्यांनी आधीच बजावलंय. तेव्हा एक शनिवार-रविवार त्यांना आणि त्यांच्या तीन दोस्तांना गोल्फ खेळायला न्यावं असं डोक्यात आलं.

पार्श्वभूमी सांगतो. हे चौघंही पोरवयात कॅडी होते, साधारण १९६६ ते ७२. पुण्यातच, क्लबचं नाव राहू द्या. वस्तीच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे क्लब. सकाळची शाळा सुटली की दप्तर टाकून साहेबांच्या बॅगा उचलायला जायचे. सोमवारी क्लब बंद असायचा, तेवढा एक दिवस कॅडींना खेळू द्यायचे. एरवी वस्तीतल्या मोकळ्या जागेत, बांधकामावरच्या सळईचं टोक वाकवून केलेली स्टिक आणि नाल्यातून काढलेले बॉल. पुढे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले, दत्तूकाका एसटीत, सोपानकाकांनी भाजीचा गाळा टाकला आणि रशीदचाचांनी शिवणाचं मशीन घेतलं. त्यानंतर पन्नासेक वर्षांत एकानेही कोर्सवर पाऊल ठेवलेलं नाही.

पण पावसाळ्यात बाबांच्या हातात छत्री आली की ती उलटी होते, उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीत अडकते आणि सोसायटीच्या गेटपाशी एक अदृश्य बॉल उडतो. १९९१ साली अली शेरने इंडियन ओपन जिंकली तेव्हाचं पेपरचं कात्रण अजून त्यांच्या बँकेच्या पासबुकात आहे. 'दिल्लीत कॅडी होता, आपल्यातला' एवढंच ते सांगतात.

तर अडचणी अशा. सभासद नसलेल्यांना कुठे खेळू देतात? दोन क्लबांना फोन केला. एकाने सभासदाची ओळख आणा म्हटलं, दुसऱ्याने हँडिकॅपचं (म्हणजे म्हणे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) सर्टिफिकेट मागितलं. हे मी फोनवर मोठ्याने उच्चारलं आणि आई स्वयंपाकघरातून पळत आली, 'यांना काय झालंय?'

सेट भाड्याने मिळतो का? रशीदचाचा डावखुरे आहेत, त्यांचं काय करायचं? सोपानकाकांचा गुडघा यथातथाच आहे.

आणि खरा घोळ वेगळाच. बाबा यायला तयार आहेत, पण म्हणतात, 'माझी बॅग मी कुणाच्या पोराला उचलायला लावणार नाही. कॅडी घ्यायचा असेल तर मी येत नाही. आलो तर दत्तूची बॅग मी उचलेन, खेळणार नाही.' दत्तूकाका म्हणतात, 'मग तुझी मी उचलतो.' असं झालं तर चौघं एकमेकांच्या बॅगा घेऊन फिरतील आणि खेळणार कोणीच नाही.

माहितगारांनी कृपया सांगावं.

—

खारघरकर

आमच्या इथे या. सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सार्वजनिक आहे, सभासदत्व लागत नाही. पैसे भरा आणि खेळा. शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा आठवडाभर आधी फोन करून टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घ्या. दर, भाड्याचे सेट, बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी), सगळं त्याच फोनवर विचारून घ्या. वेळ सकाळची सगळ्यात पहिली मागा. डोंगराच्या कुशीत आहे, दहानंतर कातळ तापला की फेब्रुवारीतही घाम फुटतो. पुण्याहून एक्सप्रेसवेने शनिवारी दुपारी निघा, पनवेलला मुक्काम करा. त्याच दिवशी घाट उतरून लगेच खेळायला लावू नका म्हाताऱ्यांना.

—

पाचनंबर

धागा वाचून मजा आली. पंधरा वर्षं खेळतोय, जमेल तसं सांगतो.

अठरा होल विसरा. चालणं सात-आठ किलोमीटरचं होतं आणि वेळ चार तासांच्या वर जातो. नऊ होल भरपूर झाले. गुडघेवाल्या काकांसाठी बग्गी घ्या. कॉलरचा टीशर्ट, साधी पँट, जीन्स नको. लोखंडी खिळ्यांचे जुने बूट कुणी जपून ठेवले असतील तर घरीच ठेवा, आता बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. साधे स्पोर्ट्स शूज बरे. सेट घेताना ग्रॅफाइटच्या शाफ्टचा (दांड्याचा) मागा, वजनाला हलका असतो. नियमाने बॅगेत चौदा क्लब, म्हणजे स्टिका, चालतात, तुम्हाला चौघांत मिळून तेवढे पुरतील. डावा सेट भाड्याने मिळणं कठीण.

प्रकार 'स्क्रॅम्बल' ठेवा. चौघंही मारतात, सगळ्यात चांगला पडलेला बॉल निवडायचा, पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. एकाचा बॉल पाण्यात गेला तरी तोंड पडत नाही.

निघायच्या महिनाभर आधी दोन-तीनदा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, न्या. पहिल्या दिवशी तीसच बॉल. शंभर मारले तर दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालाल.

—

मीराताई

गोल्फ कळत नाही, पण बॅगेबद्दल बोलते. माझे वडील स्टेशनवर हमाल होते. ते सांगायचे, सामान आपणच उचलणारा प्रवासी लांबून दिसला की पोटात खड्डा पडायचा. बाबांना एवढंच विचारा: त्या काळी एखादा साहेब आला असता आणि म्हणाला असता, 'पोरा, तू राहू दे, आज मीच उचलतो', तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?

—

पाचनंबर

मीराताईंना +१. याच्यावर मला काही सुचत नव्हतं.

—

धागाकर्ता

मीराताई, जेवताना विचारलं. बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, 'रेट काय आहे हल्ली?'

—

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. थोडक्यात लिहायला बसलो होतो, जमेल असं वाटत नाही.

शनिवारी रात्री पनवेलच्या लॉजवर चौघं एकाच खोलीत झोपले, म्हणजे झोपलेच नाहीत. रविवारी सकाळी साडेसहाला टीवर. बाबांच्या वाट्याला विशीतला एक मुलगा कॅडी म्हणून आला. बाबांनी आधी त्याचं गाव विचारलं, मग बॅगेचा पट्टा सैल आहे म्हणून स्वतः घट्ट करून त्याच्या खांद्यावर नीट बसवून दिला. 'हाडावर नको, मागे घे. संध्याकाळी दुखत नाही.'

पहिल्या फटक्याला दत्तूकाकांनी जमीन उकरली. सोपानकाकांचा बॉल दहा पावलं गेला. रशीदचाचांनी हवेला मारलं. बाबांचा गेला. सरळ, लांब नाही, पण सरळ. मी बॉल शोधत आभाळात बघत होतो तर म्हणाले, 'पडतो कुठे ते बघू नकोस. कुठल्या झाडावरून गेला ते बघ.' मोतीबिंदू काढून दोनच महिने झालेत त्यांना.

पाचव्या होलवर बॉल पाण्यात गेला. बाबा होलकडे तोंड करून ताठ उभे राहिले आणि नवा बॉल खांद्यावरून मागे टाकला. कॅडी पोरगं हसायलाच लागलं. 'काका, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा!' बाबा म्हणाले, 'आमचे साहेब असाच टाकायचे.' आणखी एक, बाबा सकाळपासून धोशा लावून होते की बॉल मोठा झालाय. मी म्हटलं, तुमचा हात म्हातारा झालाय.

बाकी, कोणता क्लब घ्यायचा यावरून बाबा आणि त्या पोराची दोनदा जुंपली. दोन्ही वेळा पोराचं बरोबर निघालं. तिसऱ्यांदा बाबांनी न विचारताच हात मागे केला आणि त्याने दिला तो घेतला.

—

पाचनंबर

वडिलांची माफी मागा! बॉल खरंच मोठा झालाय. तेव्हा ब्रिटिश नियमांत ४१.१५ मिलिमीटरचा छोटा बॉल चालायचा, आपल्याकडेही तोच. तो १९९० मध्ये कायमचा बंद झाला, आता किमान ४२.६७. दीड मिलिमीटरचा फरक पन्नास वर्षांनी बोटांना कळला, कमाल आहे. आणि खांद्यावरून टाकायचा नियम १९८४ पर्यंत होताच. पुढे हात खांद्याच्या रेषेत लांब करून सोडायचा, गुडघ्याची उंची २०१९ पासून. पोराला सांगा, हसू नकोस.

—

धागाकर्ता

वाचून दाखवलं. बाबांनी 'गुडघा २०१९ पासून' एवढंच दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मोबाईल मागून घेतला आणि दत्तूकाकांना फोन लावून ४१.१५ चा आकडा सांगितला. सोपानकाकांना फोन लावून परत सांगितला.

आता नवीन मदत हवी आहे. रशीदचाचा आयुष्यभर उजव्या हाताने खेळले, कारण साहेबांचे सगळे क्लब उजवे. सळईची स्टिक मात्र ते स्वतःसाठी डावी वाकवायचे, हे परवा परतीच्या वाटेवर खालापूरला चहा पिताना पहिल्यांदा बोलले. पुण्यात किंवा मुंबईत डाव्या हाताचा वापरलेला सेट कुणाकडे पडून आहे का? अर्धा असला तरी चालेल. सात नंबरचा क्लब आणि पटर (बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब) असले म्हणजे झालं.