स्टारक्राफ्ट २ मध्ये लॅनचा पर्यायच नाही: कॉलेजच्या लॅबमध्ये स्पर्धा कशी घ्यायची?

लॅब_नंबर_तीन

टेक-फेस्टमध्ये आरटीएस (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी) गेमची स्पर्धा ठेवायची आहे. १६ खेळाडू, एकास एक, बाद फेरी. लॅबमध्ये २० मशीन आहेत. सगळी आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि सगळी २४ पोर्टच्या एकाच गिगाबिट स्विचवर. कॉलेजचं इंटरनेट फायरवॉलमागे आहे, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं आणि काही वेळाने आपोआप लॉगआउट होतं.

पहिली पसंती स्टारक्राफ्ट २. पण पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये जसं 'लोकल एरिया नेटवर्क' दिसतं तसं यात कुठेच दिसत नाही. एखादी लपलेली सेटिंग आहे का? आणि मशीन एकाच स्विचवर असताना गेमला बाहेर जायची गरजच काय? एज ऑफ एम्पायर्स २ किंवा दुसरा काही पर्याय असेल तर तोही सांगा. क्रॅक केलेली आवृत्ती सुचवू नका, कॉलेजचं नाव लागणार आहे.

पोर्ट६११२

लपलेली सेटिंग नाही. लॅन नसेल हे गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने २००९ च्या जूनमध्ये, म्हणजे गेम यायच्या वर्षभर आधीच सांगितलं होतं. २७ जुलै २०१० ला गेम आला तो लॅनशिवाय. त्यावर सह्यांच्या मोहिमा झाल्या, पुढे दोन विस्तार आले, पण लॅन आलं नाही. खेळाडूंमधला प्रत्येक सामना बॅटलनेट या ब्लिझर्डच्या ऑनलाइन सेवेच्या सर्व्हरमधूनच जातो. दोन खेळाडू शेजारी बसलेले असले तरी एकाचा हुकूम आधी सर्व्हरकडे जातो आणि मग दुसऱ्याकडे येतो. स्विचवर जो प्रवास एका मिलिसेकंदाच्या आत होतो, त्याला इथे परदेशातल्या सर्व्हरचा फेरा पडतो. दोघांनाही सारखाच उशीर, त्यामुळे अन्याय होत नाही. पण युनिट नाचवताना हाताला फरक जाणवतो.

तरीही हाच गेम हवा असेल तर होऊ शकतं. १४ नोव्हेंबर २०१७ पासून मूळ गेम फुकट आहे आणि कस्टम सामन्यासाठी फुकट खातं पुरतं. मात्र प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं खातं हवं. अनोळखी मशीनवरून लॉगिन केलं की पडताळणीचा कोड मागितला जाऊ शकतो, म्हणून खात्याला जोडलेला ईमेल मोबाइलवर उघडता येईल अशी सूचना आधीच द्या. ऐन वेळी चार जण पासवर्ड आठवत बसले की पहिली फेरी तिथेच अर्धा तास लांबते.

गेमला सुमारे ३० जीबी जागा लागते. २० मशीनवर वेगवेगळं डाउनलोड करू नका. एका मशीनवर पूर्ण उतरवा, तो फोल्डर एसएसडीने किंवा स्विचवरून बाकीच्यांवर कॉपी करा आणि लाँचरमध्ये (बॅटलनेटच्या ॲपमध्ये) आधीच असलेल्या गेमची जागा दाखवायचा पर्याय निवडा. मग तो फायली तपासून फक्त राहिलेलं उतरवतो. लॅबमध्ये रीस्टार्टला सगळं पुसणारं फ्रीझ सॉफ्टवेअर असेल तर आधी ते उठवायला सांगा. नाहीतर रात्रभराची कॉपी सकाळी गायब झालेली दिसेल.

सिस्टिम ॲडमिनकडे तीन गोष्टी मागा. टीसीपी आणि यूडीपी १११९, ३७२४ व ६११३ बाहेर जाण्यासाठी उघडे. लॅबच्या आयपींना लॉगिनच्या पानातून सूट. आणि त्याच आयपींसाठी एचटीटीपीएस तपासणी बंद, कारण फायरवॉल मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतो तेव्हा लाँचर अडकतो. दुसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. पोर्ट उघडून दिले आणि आपोआप लॉगआउट तसंच ठेवलं, तर रंगात आलेला सामना मध्येच तुटेल.

हुकूमशहा_२८८

मूळ प्रश्न 'बाहेर जायची गरजच काय' असा होता. तांत्रिक गरज नाही.

आरटीएसमध्ये दोनशे युनिटांची जागा नेटवर्कवरून पाठवत नाहीत. प्रत्येक मशीन सगळा खेळ स्वतः चालवतं. पाठवतात ते फक्त हुकूम: हा गट तिकडे जा, ही बरॅक बांध. हुकूम थोडा पुढचा टप्पा धरून दिलेला असतो आणि त्या टप्प्यावर सगळी मशीन तो एकाच वेळी पाळतात. १९९७ चा पहिला एज ऑफ एम्पायर्स २८.८ च्या मोडेमवर आठ जणांना खेळता यायचा तो याच युक्तीने. त्यात हुकूम दोन टप्पे पुढे पाळला जाई. स्टारक्राफ्ट २ चा गाभाही हाच. म्हणून सामन्याला बँडविड्थ अगदी किरकोळ लागते, दर सेकंदाला काही किलोबाइट.

मग काढलं काय? तीनच गोष्टी. स्थानिक नेटवर्कवर ब्रॉडकास्ट करून खेळ शोधणं, मशीन ते मशीन थेट जोडणी, आणि सर्व्हरला न विचारता 'हा खेळाडू कोण' हे मान्य करणं. खरा मुद्दा तिसरा. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये कंपनीनेच 'स्पॉन' दिलं होतं: एकाने विकत घेतलेल्या सीडीवरून मित्रांच्या मशीनवर फक्त मल्टिप्लेअरपुरती आवृत्ती टाकता यायची. पुढे हमाची आणि गरेनासारख्या सेवांनी इंटरनेटवरच खोटं लॅन उभं केलं. गेमला वाटायचं शेजारचं मशीन आहे, प्रत्यक्षात समोरचा दुसऱ्या देशात. लॅन मोड सीडी-की तपासत नसल्याने क्रॅक आवृत्तीही त्यात बिनबोभाट चालायची. आपल्याकडच्या हॉस्टेलांत वॉरक्राफ्ट ३ वर बेतलेला डोटा हा खेळ असाच पसरला.

झर्ग_रश

थोडक्यात पायरसी. एवढं मोठं स्पष्टीकरण कशाला? शिवाय लॅन नसल्याने चीटिंगही बंद झालं.

हुकूमशहा_२८८

@झर्ग_रश, चीटिंगचा मुद्दा टिकत नाही. वर सांगितलं तसं प्रत्येक मशीनवर पूर्ण खेळ चालू असतो, म्हणजे शत्रूचा तळही तुमच्या रॅममध्ये असतोच, फक्त पडद्यावर झाकलेला. मॅपहॅक तो झाकलेला भाग वाचतो. त्याला लॅन असलं काय, सर्व्हर असला काय, सारखंच. सर्व्हर असल्याचा फायदा एवढाच की पकडल्यावर खातं बंद करता येतं.

आणि पायरसी हे अर्धंच उत्तर. दुसरं अर्धं कोरियात आहे. तिथे स्टारक्राफ्टच्या लीग वर्षानुवर्षं टीव्हीवर चालल्या. त्या केस्पा ही संघटना आणि वाहिन्या चालवत. प्रक्षेपणाचे पैसे कुणाचे यावरून ब्लिझर्डशी वाद होऊन प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ च्या मेमध्ये तडजोड झाली. लॅन असलेला गेम बंद स्टुडिओत कंपनीला न विचारता चालवता येतो. सर्व्हरला बांधलेला गेम तसा चालवता येत नाही. दुसऱ्या भागात लॅन का नाही, हे समजायला माझ्या मते हा वाद पायरसीइतकाच धरावा लागतो.

कंपनीच्या बाजूने एक खरं आहे. दोन वेगळे मार्ग ठेवले की दोन्हींची चाचणी करावी लागते, आवृत्त्या जुळत नाहीत, तक्रारी दुप्पट होतात. पण तो खर्च न परवडणारा नसतो. कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड २०२० च्या जूनमध्ये लॅनशिवाय आला आणि नंतरच्या पॅचमध्ये त्याला लॅन मिळालं.

पोर्ट६११२

वरच्यात एक व्यावहारिक भर. जोडणी तुटण्याचा त्रास मोठ्या स्पर्धांनाही होत होता, म्हणून २०१३ च्या मार्चमधल्या हार्ट ऑफ द स्वॉर्म या पहिल्या विस्तारासोबत रीप्लेमधून (सामन्याच्या नोंदीतून) सामना पुन्हा सुरू करायची सोय आली. सामना तुटला की रीप्लेची फाइल डॉक्युमेंट्समधल्या स्टारक्राफ्ट २ च्या फोल्डरमध्ये आपोआप राहते. ती उघडून, तुटण्याच्या काही सेकंद आधीची वेळ निवडून, दोघांना परत आत घ्यायचं. कोणती वेळ निवडायची हे पंच ठरवेल असा नियम आधीच छापा, नाहीतर जो हरत होता तो पाच मिनिटं मागे मागेल. मध्ये गेमचा अपडेट आला तर रीप्ले दगा देऊ शकतो, म्हणून स्पर्धेच्या दिवशी लाँचरचे आपोआप अपडेट बंद ठेवा.

बक्षिसाची रक्कम असेल तर ब्लिझर्डच्या सामुदायिक स्पर्धांच्या परवान्याच्या अटीही वाचून घ्या.

लॅब_नंबर_तीन

धन्यवाद. ॲडमिन पोर्ट उघडायला तयार आहेत, पण लॉगिनच्या पानातून सूट देता येणार नाही म्हणतात. म्हणजे स्टारक्राफ्ट २ जवळपास बाद. एज ऑफ एम्पायर्स २ चं काय?

दुसरी_घंटा

कोणती आवृत्ती यावर सगळं ठरतं. १९९९ च्या मूळ गेममध्ये खरं लॅन आहे. ते डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना नेटवर्क भाग वापरतं आणि विंडोज ८ पासून हा भाग बंद असतो. विंडोज फीचर्समध्ये 'लेगसी कंपोनंट्स'खाली तो चालू करावा लागतो. चालू करताना विंडोज फायली इंटरनेटवरून मागू शकतं, म्हणून हे काम आदल्या आठवड्यात उरका. पोर्ट टीसीपी ४७६२४, आणि २३०० ते २४०० टीसीपी व यूडीपी दोन्ही. अडचण ही की १६ मशीनसाठी मूळ परवाने आता कुठून आणणार?

२०१३ ची एचडी आवृत्ती स्टीमवरून जोडते, लॅन नाही. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सामना स्थानिक सर्व्हरवर चालवायचा पर्याय आहे, तेव्हा खेळाची रहदारी लॅबमध्येच राहते. पण लॉगिन आणि लॉबी बाहेरच्या सर्व्हरवरच, म्हणजे तुमची अडचण तशीच. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्तस्रोत लॅन सर्व्हरही मिळतो. तो होस्ट्स फाइल बदलतो आणि प्रत्येक मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट विश्वासू म्हणून बसवतो. घरी ठीक आहे. कॉलेजच्या २० मशीनवर असं सर्टिफिकेट बसवायला कोणत्याही शहाण्या ॲडमिनने परवानगी देऊ नये. आणि प्रत्येकाकडे विकत घेतलेला गेम तरीही लागतोच.

तुमच्या अटींत शून्य ए.डी. (0 A.D.) हा गेम बसतो. फुकट, मुक्तस्रोत, एक-दीड जीबीचं डाउनलोड, खातं नको, इंटरनेट नको. एज ऑफ एम्पायर्स खेळलेल्याला तासाभरात जमतो, आणि त्यात मौर्यही आहेत, हत्तींसकट. प्रेक्षकांना तेवढं पुरे. ओपनआरए हा जुन्या कमांड अँड कॉन्करचा मुक्तस्रोत अवतारही चांगला आहे (टीसीपी १२३४), पण पहिल्यांदा चालवल्यावर मूळ गेमच्या फायली उतरवायला सांगतो. त्या एका मशीनवर घेऊन बाकीच्यांवर कॉपी कराव्या लागतात.

पोर्ट६११२

शून्य ए.डी.ला दुजोरा. मांडणी अशी करा.

स्विचला कॉलेजच्या नेटवर्कची केबल नकोच, काढून ठेवा. मग आयपी वाटायला कुणी नसेल आणि मशीन १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतील. त्यावरही खेळ चालतो, पण तोंडी सांगायला ते त्रासाचे. हाताने १९२.१६८.५०.१ ते ५०.२० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि प्रत्येक मॉनिटरवर आकडा चिकटवा. शून्य ए.डी.मध्ये एक जण यजमान होतो, दुसरा त्याचा आयपी टाकून जोडतो, पोर्ट यूडीपी २०५९५. आयपी थेट टाकत असल्याने ब्रॉडकास्टची भानगड नाही. वाय-फायवर लॅपटॉप जोडायचा मोह टाळा. बहुतेक कॉलेजांच्या ॲक्सेस पॉइंटवर एका उपकरणाने दुसऱ्याशी बोलणं बंद ठेवलेलं असतं.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक विंडोज फायरवॉलची. गेम पहिल्यांदा नेटवर्क मागतो तेव्हा 'पायरोजेनेसिस' नावाने परवानगीची खिडकी येते (ते इंजिनचं नाव). विद्यार्थ्याच्या खात्याला ॲडमिन हक्क नसतात, तो 'कॅन्सल' दाबतो, आणि विंडोज गुपचूप अडवणारा नियम बनवून ठेवतं. नंतर तुम्ही परवानगीचा नियम घातला तरी अडवणारा नियम वरचढ ठरतो. म्हणून आधी इनबाउंड नियमांतून पायरोजेनेसिसचे जुने नियम काढा, मग नवा घाला. केबल काढलेलं नेटवर्क विंडोज 'पब्लिक' समजतं, तेव्हा नियम पब्लिक प्रोफाइललाही लागू करा. पिंग जातो पण गेम जुळत नाही, असं झालं की आधी इथे बघा.

आवृत्ती आणि मॉड सगळीकडे एकच हवेत, नाहीतर जोडणीच होत नाही. एकाच इन्स्टॉलरवरून सगळं करा. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर सावल्या आणि पाण्याचे इफेक्ट बंद. लोकसंख्येची मर्यादा १५० ठेवा. शेवटी मोठ्या सैन्यात प्रोसेसर दमतो, आणि हुकूम एकाच टप्प्यावर पाळायचे असल्याने सगळ्यात हळू मशीनमुळे समोरच्याचाही खेळ रखडतो.

दुसरी_घंटा

वेळापत्रक: पहिल्या फेरीत आठ सामने एकदम, १६ मशीन गुंततात, चार राखीव. पुढे चार, दोन, एक. एकूण १५ सामने. प्रत्येक फेरीला एक तास धरा, खेळ पाऊण तास आणि बदलाबदली पंधरा मिनिटं. उपांत्य आणि अंतिम सामन्यात तिसरं मशीन यजमान करून त्याला निरीक्षक ठेवा आणि प्रोजेक्टर त्यालाच जोडा.

खेळाडूचं मशीन बंद पडलं तर तो त्याच नावाने पुन्हा जोडू शकतो, यजमान त्याला खेळाची सद्यस्थिती पाठवतो. नावात एक अक्षरही बदललं तर तो नवा माणूस समजला जातो, म्हणून नावं तुम्ही ठरवून द्या, म१ ते म१६ अशी. यजमान मशीनच गेलं तर मात्र सामना गेला. भारनियमनाचा भाग असेल तर यूपीएस आधी स्विचला, मग यजमान मशीनना, उरला तर बाकीच्यांना. यूपीएसवर प्रोजेक्टर जोडू नका, तो एकटाच बॅटरी खाऊन टाकेल.