मदत हवी आहे: टीबीबद्दल मराठीतून माहिती देते, पण लोक थेट औषधंच विचारतात

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. मला एमडीआर टीबी झाला होता, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. उपचार दीड वर्षाहून जास्त चालले आणि मी बरी झाले. त्या काळात रात्र रात्र मोबाइलवर शोधायचे, पण कामाचं मराठीत फार थोडं सापडायचं. क्लोफाझिमिनने चेहरा काळवंडतो आणि औषध संपल्यावर तो रंग हळूहळू उतरतो, एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं तरी मी महिनोन्‌महिने आरसा टाळला नसता. बेडॅक्विलिन चालू असताना सारखा ईसीजी का काढतात, लिनेझोलिडने पायाला मुंग्या येऊ लागल्या तर गप्प का बसू नये, हेही असंच.

म्हणून बरी झाल्यावर मी छोटे व्हिडिओ करायला लागले. इन्स्टाग्रामवर टाकते, यूट्यूबवरही टाकते. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सोलापूर, अक्कलकोट, लातूर, विजापूरकडचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं आहेत. डॉट्सवाल्या, म्हणजे टीबीच्या गोळ्या समोर घ्यायला लावणाऱ्या ताईंनीही काहींना माझ्याकडे पाठवलं. बहुतेक जण फक्त ऐकून घेणारं माणूस शोधत येतात आणि ते मी मनापासून करते. पण आता काही गोष्टी माझ्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत.

लोक एक्स-रेचे आणि रिपोर्टचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, कुठली गोळी बंद करू?" उलट्यांनी बेजार झालेला माणूस असतो, डॉक्टर सोमवारी भेटणार असतात आणि मी समोर असते. मी डॉक्टर नाही असं सांगितलं की म्हणतात, "तुम्हाला काय दिलं होतं तेवढं तरी सांगा." मग मी सांगितलं तर त्याचा अर्थ सल्ला असाच होतो ना?

दुसरं बायकांचं. ग्रुपमध्ये एक नवी सून आहे. तिच्या माहेरी माहीत आहे, सासरी नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कुणीतरी ओळखीचं लिंकवरून ग्रुपमध्ये आलं तर तिचा नंबर दिसणार. ती ग्रुप सोडू म्हणते, आणि तिला ग्रुपची गरज सगळ्यांत जास्त आहे.

तिसरं जास्त नाजूक आहे. ग्रुपमधले एक काका स्वतः टीबीतून बरे झालेले, सगळे त्यांना मानतात. ते अधूनमधून एका काढ्याचा मेसेज टाकतात आणि "गोळ्यांची उष्णता कमी करायची असेल तर मध्ये चार दिवस खंड द्या" असंही लिहितात. काकांच्या मनात वाईट काहीच नाही. पण चार दिवस खंड म्हणजे काय होऊ शकतं, हे एमडीआर झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सगळ्यांसमोर खोडलं तर काका दुखावतात आणि नाही खोडलं तर कुणाचा तरी जीव जायचा.

आणि आता एका प्रोटीन पावडर विकणाऱ्याने संपर्क केला आहे. "फक्त डबा हातात धरा" म्हणतो. पैसे चांगले देतो आहे. ग्रुपमधल्या दोघांना तपासणीला जायला एसटीचं भाडं नसतं, म्हणून मोह होतो, हे लपवत नाही.

आरोग्याच्या विषयावर असं काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा: अनुभव कुठे संपतो आणि सल्ला कुठे सुरू होतो, हे तुम्ही रोजच्या व्यवहारात कसं ठरवता? ग्रुप बंद करा असं कृपया सांगू नका. तो बंद झाला तर ही माणसं काढ्यांच्या व्हिडिओंकडेच जाणार.

———

प्रतिसाद: रानजाई

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी मुंबईत पेशंटच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नावर दोन माणसांकडे बघा, असं सुचवेन.

नंदिता वेंकटेशन मुंबईच्या पत्रकार. त्यांना आतड्याचा टीबी दोनदा झाला आणि दुसऱ्या वेळी कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी त्यांचं ऐकू येणं गेलं. फुमेझा तिसिले दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या. त्यांचंही ऐकू येणं त्याच औषधाने गेलं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०११ मध्ये टीबी पेशंटना स्वतःच्या शब्दांत लिहायला एक ब्लॉग उघडून दिला, तिथे फुमेझा उपचार चालू असतानाच लिहीत होत्या. कुठल्या गोळ्या घ्या असं त्या सांगत नव्हत्या. माझ्यावर हे औषध चाललं, माझ्या शरीराचं हे झालं, आणि यापेक्षा बरं औषध आहे तर ते आम्हाला का मिळत नाही, असा त्यांचा सूर होता.

पुढे या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात बेडॅक्विलिनच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली आणि २३ मार्च २०२३ ला कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपत होतं. हरकत घेतली नसती तर भारतात स्वस्त बेडॅक्विलिन बनायला आणखी काही वर्षं गेली असती. त्याच जुलैत अमेरिकन लेखक जॉन ग्रीन यांनी यूट्यूबवरून आपल्या प्रेक्षकांना या विषयावर बोलायला लावलं, आणि सप्टेंबरअखेर कंपनीने १३४ देशांत आपली वाढीव पेटंटं लागू करणार नाही असं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१८ मध्येच कॅनामायसिन वापरू नका म्हटलं होतं. औषधाने बहिरे झालेले पेशंट गप्प राहिले नाहीत, याचा त्यात मोठा वाटा आहे असं मी मानते.

म्हणजे तुमच्या अनुभवाची ताकद मोठी आहे, फक्त तिचं तोंड कुणाकडे आहे ते बघा. "मला मुंग्या आल्या, मी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध तपासून बदललं" हा अनुभव. "मुंग्या आल्या की लिनेझोलिड अर्धी करा" हा सल्ला. पहिल्या वाक्यात ठरवणारा डॉक्टर आहे, दुसऱ्यात तुम्ही. मी प्रत्येक मजकूर टाकण्याआधी एवढंच तपासते.

एक विनंती. व्हिडिओवर मराठी अक्षरं नक्की टाका. जुन्या इंजेक्शनांनी ऐकू येणं गेलेले पेशंट आपल्याकडे आहेत, आणि ते तुमचा व्हिडिओ आवाजाविना बघतात.

———

प्रतिसाद: जुना_फळा

छातीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. ताई, "तुम्हाला काय दिलं होतं तेवढं सांगा" याला उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर त्याच्यासाठी चुकीचं का ठरेल ते सांगतो. बऱ्याच गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. बेडॅक्विलिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतं, त्यामुळे पेशंट सोबत दुसरं काय घेतो ते बघावं लागतं. साधी ॲझिथ्रोमायसिन किंवा उलटी थांबवायची ओन्डॅनसेट्रॉनही त्यात आली. मेडिकलवाल्याकडून उलटीची गोळी आणून दिली की झालं, असं नसतं. लिनेझोलिडमध्ये हिमोग्लोबिन आणि नजर दोन्हीवर लक्ष ठेवावं लागतं. फोटोतल्या एक्स-रेवरून हे मलाही ठरवता येत नाही.

शिवाय औषधयोजनाच बदलली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बीपाल्म मंजूर केली: बेडॅक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, साधारण सहा महिने. तुम्ही दीड वर्ष काढलंत, आजचा पेशंट कदाचित सहा महिन्यांत मोकळा होईल. पण ती सगळ्यांना चालत नाही. गरोदर बायका आणि १४ वर्षांखालची मुलं त्यात नाहीत. तुमचा जुना व्हिडिओ बघून कुणी "दीड वर्ष? मग नकोच" म्हणाला तर काय कराल? म्हणून प्रत्येक चित्रावर, प्रत्येक व्हिडिओत महिना आणि वर्ष लिहा. चित्राच्या आत लिहा, खाली नको. फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळून जातो. टीबी पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार पैसे देतं, त्या नि-क्षय पोषण योजनेचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत, पण ५०० रुपयेवाली जुनी चित्रं अजून फिरतात आणि पेशंट निम्म्या रकमेवर समाधान मानतात.

रात्रीच्या मेसेजला हे उत्तर साठवून ठेवा आणि हवं तसं बदला:

"मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळीबद्दल सांगणार नाही. तुमच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. खोकल्यातून रक्त, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, डोळे पिवळे होणं, धूसर दिसणं, किंवा पोटात पाणीही न ठरणं, यातलं काहीही असेल तर सोमवारची वाट न पाहता आत्ताच जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि टीबीची औषधं चालू आहेत असं आधी सांगा. तसं नसेल तर सकाळी तुमच्या उपचार पर्यवेक्षकांना फोन करा, किंवा नि-क्षयच्या १८००-११-६६६६ या नंबरवर विचारा, तो मोफत आहे. आत्ता काय होतंय ते मला लिहा, मी वाचते आहे."

शेवटचं वाक्य काढू नका. आमच्याकडून नेमकं तेच मिळत नाही, म्हणून लोक तुमच्याकडे येतात.

———

प्रतिसाद: उन्हाळवाट

वाचनखूण साठवली. त्या सुनेसाठी लिहितो, कारण आमच्या घरात हे झालंय.

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, त्याला उपाय नाही. व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा. त्यात एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. माहिती सगळी तिथे, आणि गप्पांसाठी वेगळा लहान ग्रुप, ज्यात तुम्ही स्वतः बोलूनच माणूस घ्याल. उघडी लिंक आजच बंद करा.

ग्रुपच्या नावात टीबी, क्षय, डॉट्स यातलं काही नको. घरातला मोबाइल चार जणांच्या हातात असतो आणि स्क्रीनवर ग्रुपचं नाव झळकतं. आमच्या ग्रुपला झाडाचं नाव आहे. डीपीमध्ये फुप्फुसाचं चित्रही नको. रिपोर्टचा फोटो टाकायचाच असेल तर नाव, वय, नि-क्षय आयडी झाकून. आणि कुणाची गोष्ट व्हिडिओत सांगणार असाल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. "अमक्या गल्लीतली, विडी वळणारी, दोन मुलींची आई" एवढ्यावर सोलापुरात माणूस ओळखू येतं.

———

प्रतिसाद: रानजाई

काकांबद्दल राहिलं. त्यांना घरी जाऊन भेटा, फोनवर नको. काढा प्या की नका पिऊ यावर वाद घालू नका, त्यात दिवस जाईल. फक्त खंडाची गोष्ट पकडा: औषधाविना गेलेल्या दिवसांत जे जंतू उरतात ते औषधाला निर्ढावतात, आणि ताई, तुम्ही स्वतः त्यातून गेला आहात. हे काकांना दुसऱ्या कुणी सांगून पटणार नाही.

मग त्यांना काम द्या. खाण्यापिण्याबद्दल बोलायची त्यांना हौस आहे आणि त्यावर सांगण्यासारखं भक्कम काही आहे. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. ज्या घरांना दर महिन्याला जास्तीचं धान्य, डाळ आणि जोडीला सूक्ष्म पोषकं मिळाली, तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. मुख्यतः धान्य आणि डाळच. काकांनी काढ्याऐवजी भाकरी, डाळ, शेंगाचटणी, अंडं यावर बोलावं. त्यांचं ऐकतात ना लोक, मग त्यांनीच सांगू दे.

आणि पावडरचा डबा हातात धरू नका. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि ऑगस्ट २०२३ पासून आरोग्याबद्दल सांगणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक झाले आहेत. औषध म्हणून दावा केला तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच, त्याच्या यादीत टीबी आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या बाईकडे एसटीचं भाडं नाही ती तुमच्या शब्दावर तो डबा उधारीने आणेल. भाड्यासाठी नि-क्षय मित्र योजनेतून कुणी मिळतं का ते जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा. ती योजना मुख्यतः पोषण आहारासाठी आहे, पण मदत करणारी माणसं तिथेच भेटतात.

———

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. लिंक बंद केली. ग्रुपचं नाव बदललं, काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. पावडरवाल्याला नाही कळवलं.

डॉक्टरसाहेब, तुमचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे. फक्त "उपचार पर्यवेक्षक" कुणाला कळत नाही, आमच्याकडे त्यांना एसटीएस म्हणतात, तेवढं बदललं. काकांकडे रविवारी जाते.

रानजाई, "ठरवणारा कोण" हे लक्षात ठेवून माझे जुने व्हिडिओ परत बघते आहे. दोन काढून टाकावेत असं वाटतंय. एकात मी उलटी होऊ नये म्हणून गोळ्या रात्री घ्यायचे असं सांगितलंय. डॉक्टरांनीच मला तसं सांगितलं होतं, पण व्हिडिओत ते आलेलं नाही.

———

प्रतिसाद: जुना_फळा

काढू नका. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली, एवढं वाक्य घालून नव्याने करा. लोकांना नेमका तोच प्रश्न असतो आणि ते विचारायला लाजतात.

———

प्रतिसाद: धागाकर्ती

बरं, तसंच करते. आणखी एक मदत हवी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका घरात तेलुगू बोलतात, मराठी अक्षरं वाचायला त्यांना जड जातं. त्या नवीन उत्तराचं आणि धोक्याच्या लक्षणांचं तेलुगूत रेकॉर्डिंग करायचं आहे, बाईच्या आवाजात असेल तर उत्तम. कन्नडचंही चालेल, अक्कलकोटकडे लागेल. कुणाला जमणार असेल तर इथे फक्त "जमेल" एवढं लिहा, नंबर टाकू नका. मी व्यनि (खाजगी निरोप) करते.