डॉक्टरांनी फी तपासणीआधी सांगावी की नाही?

धागा सुरू करताना (गुहागर तालुका)

गेल्या श्रावणात आईच्या छातीत धडधड होऊ लागली म्हणून तिला शहरातल्या एका खासगी हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची फी औषधासकट दीडशे रुपये असते, त्यामुळे बरोबर घेतलेले पंधराशे रुपये भरपूर वाटले होते. तिथे तपासणीचे ५००, ईसीजीचे ३०० आणि रक्ततपासणीचे ६५० असे १,४५० रुपये हातोहात संपले. औषधांच्या दुकानात ६२० रुपयांचे बिल झाले, तेव्हा आईने चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "गोळ्या पुढच्या खेपेस घेऊ, आता एसटीपुरते राहू देत." महिनाअखेर असल्यामुळे माझ्या खात्यातही काही उरलेले नव्हते. ज्या गोळ्यांसाठी एवढा प्रवास केला, त्याच नेमक्या मागे राहिल्या.

केसपेपर काढताना कंपाउंडरने नाव, वय, गाव, सगळे विचारले, पण फी सांगितली नाही. मीही विचारली नाही, कारण डॉक्टरांच्या दारात पैशांची भाषा करणे आपल्याकडे बरे दिसत नाही. नियम मात्र स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी फी सेवा देण्यापूर्वी सांगावी आणि आपल्या कक्षातील फलकावर फी व इतर आकार लावावेत, असे अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे हेच पुन्हा लागू झाले. शिवाय राज्याने २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. माझे म्हणणे इतकेच की फी किती असावी हे डॉक्टरांनी ठरवावे, पण ती रुग्ण आत जाण्यापूर्वी त्याला कळलीच पाहिजे. आपणा सर्वांना काय वाटते?

प्रतिसाद (राजापूर तालुका)

आपल्या मातोश्रींच्या बाबतीत घडले ते वाईटच आहे, परंतु फलकाचा उपाय मला पटत नाही. आमच्या गावचे डॉक्टर तीस वर्षांहून अधिक काळ आमच्यात आहेत. माझ्या वडिलांना आषाढात मध्यरात्री धाप लागली, तेव्हा ते साकवावरून एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन चालत आले होते. त्यांच्या दवाखान्यात फलक नाही. कुणी पन्नास देतो, कुणी शंभर देतो, कुणी काजूचे पैसे आले की एप्रिल-मेमध्ये मागची सगळी बाकी एकदम देतो. तिथे "तपासणी फी २०० रुपये" अशी पाटी लावली, तर पन्नास देणारी म्हातारी पायरी चढायची नाही, कारण तिला उपकार घेतल्यासारखे वाटेल. शिवाय आपण सांगितलेले २००२ चे नियम अॅलोपॅथीच्या पदवीधरांसाठी आहेत, आणि आमच्या भागातले पुष्कळसे गावडॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत.

दुसरे असे की आपले पैसे फीमुळे संपले नाहीत, तपासण्यांमुळे संपले. कोणत्या तपासण्या लागतील हे रुग्णाला तपासल्याशिवाय डॉक्टरांना तरी कसे कळणार?

प्रतिसाद (एक डॉक्टर, सिंधुदुर्ग जिल्हा)

मी स्वतः फलक लावलेला आहे, तरीही धागाकर्त्यांशी पूर्णपणे सहमत नाही. फी आधी कळली की लोक आकड्यांची तुलना करू लागतात आणि त्या आकड्यात काय काय येते, हे कुणी पाहत नाही. माझ्या गावी पावसाळ्यात कधी कधी दोन दोन दिवस वीज नसते. लशी आणि इन्सुलिनच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर, मदतनीस ताईंचा पगार, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांचे महिन्याचे पैसे, हे सगळे फलकावरच्या २०० रुपयांतून निघते. विषाणूजन्य तापाच्या रुग्णाला मी पंधरा मिनिटे समजावून पॅरासिटामॉल लिहून दिले, तर तो बाहेर जाऊन म्हणतो की डॉक्टरांनी पैसे घेतले आणि काहीच दिले नाही. तोच रुग्ण दुसरीकडे सुई टोचून आणि सलाईन लावून दुप्पट पैसे आनंदाने देतो.

आणि खरी भीती फलकावरच्या फीची नसून न दिसणाऱ्या पैशांची आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश २०१३ साली उघड करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे आचारनियमांत निषिद्धच आहे. ज्याची फी १०० रुपये आहे पण जो प्रत्येकाला ठरावीक प्रयोगशाळेत पाठवतो, त्याच्यापेक्षा ५०० रुपये घेऊन अनावश्यक तपासणी टाळणारा डॉक्टर स्वस्त पडतो, हे कोणत्या फलकावरून कळणार?

प्रतिसाद (दोडामार्ग तालुका)

डॉक्टरसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की ही निवड ज्याच्या गावात चार दवाखाने आहेत त्याच्यासाठी आहे. आमच्याकडे तज्ज्ञ डॉक्टर बाहेरून महिन्यातून दोनदा येतात आणि त्यांनी जे सांगितले ते द्यावे लागते. म्हणून मी आधी सरकारी रुग्णालयात जावे असेच म्हणेन. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व मोफत आहे, आणि फुरसे चावले तर खासगीकडे वेळ घालवण्यापेक्षा तिथेच धाव घ्यावी, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे.

परंतु मोफत म्हणजे खर्च नाही असे नव्हे. तज्ज्ञांची जागा रिकामी असली की पुढे पाठवतात, आणि आमच्यासाठी पुढे म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. तिथे २०१८ साली गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झाले. माझ्या सासूबाईंना नेले त्या दिवशी डॉक्टरांपेक्षा गाडीवाल्यालाच जास्त पैसे दिले. महात्मा फुले योजनेचे कार्ड होते, पण ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणीला तिचा उपयोग नाही, हे आम्हाला खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळले. त्यामुळे धागाकर्त्यांची मागणी मला योग्यच वाटते, उलट अपुरी वाटते.

प्रतिसाद (राजापूर तालुका)

ताई, आपले म्हणणे मान्य आहे, आणि शहरातल्या तज्ज्ञांनी फलक लावण्याला माझी हरकत नाही. खेड्यातल्या डॉक्टरांवर मात्र त्याची सक्ती नको, हे माझे मत कायम आहे. जिथे उधारी चालते तिथे ओळखीवर विश्वास असतो, आणि तो पाटीवर लिहिता येत नाही.

धागाकर्ता

सर्व प्रतिसाद वाचले. गावच्या डॉक्टरांविषयीचा राजापूरकरांचा मुद्दा मी मान्य करतो, कारण आमचे डॉक्टरही तसेच आहेत. पण तपासण्या आधी सांगता येत नाहीत, हा मुद्दा मला मान्य नाही. तपासण्या ठरल्यानंतर आणि रक्त काढण्यापूर्वी मधे दोन मिनिटे असतातच.

मागच्या महिन्यात आईला फेरतपासणीसाठी नेताना मी आधी दवाखान्यात फोन केला. फी किती, फेरतपासणीला वेगळी लागते का आणि जुने रिपोर्ट चालतील का, एवढेच विचारले. पलीकडच्या बाईंनी न रागावता सांगितले की सहा महिन्यांच्या आत आल्यास ३०० रुपये आणि मागची फाईल अवश्य आणा. आत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा चार तपासण्या लिहिल्या. मी म्हटले, "डॉक्टर, आज आमच्याकडे बाराशे रुपये आहेत आणि त्यात गोळ्याही घ्यायच्या आहेत." ते जराही नाराज झाले नाहीत. त्यांनी पेन उचलून दोन तपासण्यांपुढे "आज" लिहिले, एकीपुढे "दिवाळीनंतर", आणि चौथी खोडून टाकली, कारण ती जुन्या रिपोर्टात होती. महागड्या गोळीच्या जागी त्याच औषधाची जेनेरिक गोळीही लिहून दिली. यातले बरेचसे त्यांना पहिल्याच वेळी करता आले असते, पण त्या वेळी आमच्याकडे किती पैसे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांची फी किती हे आम्हाला. या वेळी पावती मागितली, तीही लगेच मिळाली, नोंदणी क्रमांकासह. आईने ती गोळ्यांच्या डब्यात ठेवली आहे.