जूनच्या बँक हॉलिडेला आई-बाबांना घेऊन कुठे जावं?

ल्यूकनहून (डब्लिन, आयर्लंड)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुण्याहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. जूनच्या बँक हॉलिडेला भाड्याची गाडी घेऊन तीन दिवस फिरायचं म्हणतोय. सध्या असं ठरवलंय: शनिवारी क्लिफ्स ऑफ मोहर, रविवारी रिंग ऑफ केरी, सोमवारी जायंट्स कॉजवे आणि तिथून घरी. आईचे गुडघे दुखतात, बाबा पूर्ण शाकाहारी, लेक नऊ वर्षांचा. गाडी नवरा चालवेल. माझ्याकडे लर्नर परमिट आहे आणि बाबांकडे भारतातलं लायसन्स. आम्ही दोघांनी मध्ये मध्ये चालवलं तर चालेल का? आणि राहायचं कुठे?

---

गॉलवेहून

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या बेताबद्दल स्पष्टच लिहितो, कारण आई-बाबा रोज रोज येत नाहीत. हा बेत करू नका. रिंग ऑफ केरीजवळच्या किलार्नीपासून कॉजवे साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. नुसती रिंग ऑफ केरी १७९ किलोमीटरची, आणि त्या रस्त्यावर टूरच्या बसेस असतात. तीन दिवसांतला बहुतेक वेळ आईंचे गुडघे गाडीत दुमडलेले राहतील. माझं ऐकाल तर एकच भाग निवडा, दोन्ही रात्री एकाच घरी राहा आणि तिथून रोज थोडं थोडं फिरा. जूनच्या सुरुवातीला इकडे पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे सकाळी घाई करायचं कारणच नाही.

मी आमच्या गॉलवेच्या पश्चिमेचा कॉनेमारा सुचवेन. ल्यूकनहून एम४, मग एम६, गॉलवेपर्यंत दोनशे किलोमीटर सरळ मोटरवे. वाटेत दोन टोल लागतात, किलकॉकच्या पुढे एक आणि बॅलिनास्लोजवळ दुसरा. गॉलवे ते क्लिफ्डन एन५९ने ऐंशीच किलोमीटर, पण दीड तास धरा. पाटी १००ची असली तरी रस्ता बोगवरून, म्हणजे मऊ दलदलीच्या जमिनीवरून जातो, खालची जमीन खचते, त्यामुळे लाटा असल्यासारखा वरखाली होतो. मागे बसणाऱ्यांना मळमळतं, म्हणून आईंना पुढे बसवा. गावांकडच्या छोट्या लोकल रस्त्यांवर तर फेब्रुवारी २०२५पासून मर्यादा ८०ची ६० केली आहे, आणि काही ठिकाणी ४०सुद्धा जास्त वाटतो.

वाटेत रिसेसच्या पुढे डावीकडे बॅलिनाहिंच लागेल. बाबांना क्रिकेटची आवड असेल तर इथे नक्की वळा. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे ज्यांच्या नावाने रणजी करंडक आहे ते रणजितसिंहजी, यांनी हा वाडा १९२४ साली विकत घेतला. सामन मासे धरायचा त्यांना नाद होता आणि १९३३मध्ये निधन होईपर्यंत ते उन्हाळ्यात इथे येत राहिले. पुढच्याच वर्षी रणजी करंडक सुरू झाला आणि पहिला मुंबईने जिंकला. आता तिथे हॉटेल आहे. नदीकाठी दाट झाडी आहे, आणि सपाट वाटेने आई जमेल तेवढं चालू शकतील.

क्लिफ्डनच्या दक्षिणेला डेरिगिमला म्हणून बोग आहे, तिथे लेकाला घेऊन जा. मार्कोनीचं अटलांटिकपार तारायंत्राचं केंद्र इथे १९०७ साली सुरू झालं, आणि १५ जून १९१९ रोजी अल्कॉक आणि ब्राउन यांचं विमान न थांबता अटलांटिक ओलांडून इथेच उतरलं. वरून हिरवंगार मैदान वाटलं म्हणून उतरले, तर बोगमध्ये नाक रुतलं! दोघेही सुखरूप बाहेर आले. पूर्ण फेरी पाच किलोमीटरची आहे. आईंनी पहिल्या वळणापर्यंत जावं, बाकीच्यांनी पुढे. मार्कोनीच्या केंद्राचे काँक्रीटचे चौथरे अजून दिसतात, आणि बाजूला टर्फ, म्हणजे जळणासाठी कापलेली बोगची माती, काढून सुकायला रचलेलं असतं. ओल्या काळ्या विटांसारखे तुकडे, चार-पाच एकमेकांना टेकवून उभे केलेले, म्हणजे मधून वारा खेळतो. लेकाला हातात घेऊन बघायला सांगा. सुकलेला तुकडा किती हलका लागतो याचं मुलांना फार नवल वाटतं.

काइलमोर ॲबी, म्हणजे तलावाकाठचा मठ, तुम्हाला सगळेच सांगतील. छान आहे, तलावाच्या पलीकडून फोटो काढा, बागेपर्यंत शटल बस जाते म्हणजे आईंची सोय झाली.

मला खरं सांगायचंय ते डूलॉखबद्दल. लीनानपाशी किलरीची खाडी लागते. सोळा किलोमीटर आत शिरलेला समुद्र, पाण्यावर शिंपले वाढवायच्या दोऱ्यांचे तरंगते पिंप ओळीने दिसतात. खाडीच्या टोकाला आस्ली धबधबा आहे, तो गाडीतून उतरून दोन मिनिटांत दिसतो. तिथून आर३३५ रस्ता उत्तरेला डूलॉखच्या खोऱ्यातून लुईसबर्गला जातो. एका बाजूला म्वीलरे, कॉनॉक्ट प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर, ८१४ मीटर, दुसऱ्या बाजूला शीफ्री डोंगर, मधे काळं पाणी. वस्ती जवळजवळ नाही.

मार्च १८४९मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, लुईसबर्गच्या भुकेल्या माणसांना सांगण्यात आलं की मदत चालू ठेवायची असेल तर सकाळी डेल्फी लॉज या बंगल्यावर तपासणीला हजर राहा. एकोणीस-वीस किलोमीटर, रात्रभर, पावसाथंडीत, अंगावर धड कपडे नाहीत अशी बायका-मुलं चालत गेली. तिथे त्यांना काही मिळालं नाही. परतताना, आणि जातानाही, किती जण या रस्त्यावर पडले याचा नक्की आकडा नाही. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस आहे आणि त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे. दुसऱ्या माणसाला अपमानित करून माणसाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं कसं वाटू शकतं, असा त्याचा आशय. बाबांना तिथे थोडा वेळ द्या. गाडी लावायला जागा लहान आहे, पण सकाळी गर्दी नसते. आपण ज्या देशात राहतो, कर भरतो, मुलं वाढवतो, त्या देशाचं दुःख आपल्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते या खोऱ्यात जितकं समजतं तितकं डब्लिनच्या संग्रहालयात समजत नाही.

लुईसबर्गहून वेस्टपोर्ट, तिथे चहा-जेवण, आणि एन५ने सव्वातीन तासांत घरी. मागे फिरायची गरज नाही.

आता लायसन्सचं. लर्नर परमिटवर मोटरवेवर गाडी चालवायला परवानगीच नाही, आणि भाड्याची गाडीही मिळत नाही. त्यामुळे तुम्ही नाही. बाबा पाहुणे म्हणून आलेत, तर वैध भारतीय लायसन्सवर त्यांना इथे बारा महिन्यांपर्यंत चालवता येतं. पण भाड्याच्या गाडीवर त्यांचं नाव जादा चालक म्हणून लिहून घ्यावं लागेल, आणि बऱ्याच कंपन्यांची वयाची वरची मर्यादा असते, ती आधी विचारा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आजच बुक करा, बँक हॉलिडेला त्या आधी संपतात.

---

एनिसहून

कॉनेमारा सुंदरच, पण आमच्या क्लेअर काउंटीला तुम्ही अगदीच बाहेर ठेवलंत, दादा! मोहर राहू द्या, बरनचं तरी सांगायला हवं होतं.

ताई, बरन म्हणजे मैलोन्मैल उघडा चुनखडक. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या एका सेनापतीने म्हटलं होतं की इथे माणसाला बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. आणि त्याच खडकाच्या भेगांत मे महिन्यात गर्द निळी जेन्शियनची फुलं उमलतात. आल्प्सकडची आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे शेजारी शेजारी वाढतात. इथले शेतकरी गुरं उन्हाळ्यात नाही तर हिवाळ्यात डोंगरावर चढवतात, कारण चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि वर जमीन कोरडी राहते. गुरांनी हिवाळ्यात रानगवत खाल्लं की वसंतात फुलांना उजेड मिळतो. पूलनाब्रोनचं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी थडगं रस्त्यापासून जवळ आहे, पण खडकावर भेगा आहेत, आईंचा हात धरा.

मोहरला गेलातच तर तिकीट ऑनलाइन काढा, आणि कड्यावरच्या वाटेला जिथे बंदची पाटी असेल तिथून मागे फिरा. २१४ मीटर खाली समुद्र आहे.

---

ल्यूकनहून

दोघांचेही आभार. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. कॉनेमारा ठरलं. बरन ऑगस्टच्या बँक हॉलिडेला करू, तोवर आई-बाबा आहेतच. क्लिफ्डनच्या बाहेर स्वयंपाकघर असलेलं घर बघतेय. गाडी एअरपोर्टवरून घेतोय. बाबांच्या जेवणाचं काय करावं? आणि लेकाला पबमध्ये गाणं ऐकायचंय, नेता येईल का?

---

गॉलवेहून

घर बघताय ते उत्तम. कुकर, थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट बरोबर घ्या. बाहेर भाजीचं सूप मागितलं तरी ते चिकनच्या स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा. चाउडर नावाचं दाट सूप म्हणजे मासेच. गावांत किचन साडेआठ-नऊला बंद होतं, उजेड आहे म्हणून फिरत बसू नका.

लेकाला पबमध्ये न्या. मे ते सप्टेंबर आई-वडिलांबरोबर मुलांना रात्री दहापर्यंत बसता येतं. वाजवणारे बहुतेक साडेनऊला सुरू करतात, म्हणून दुपारचं किंवा संध्याकाळचं लवकरचं सेशन कुठे आहे ते घरमालकाला विचारा.

एअरपोर्टहून ल्यूकनला येताना एम५०चा टोल लागेल. तिथे फाटक नाही, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरावे लागतात. तुम्ही भरायचे की गाडीवाले भरून तुमच्याकडून घेणार, हे चावी घेतानाच विचारून घ्या. पेट्रोलचा नळ हिरवा, डिझेलचा काळा.

एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावर समोरून कोणी आलं तर ज्याला जवळ रुंद जागा आहे त्याने थांबायचं, आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानायचे. शेताच्या फाटकासमोर गाडी कधीही लावू नका, ट्रॅक्टर कुठल्याही वेळी येतो. मेंढ्या रस्त्यावर झोपलेल्या असतात. हॉर्न न वाजवता हळू पुढे सरका, उठतात. डूलॉखमध्ये रेंज जाते, नकाशा घरूनच डाउनलोड करा. वारा पडला की संध्याकाळी बोगवर बारीक चावरे मिज येतात, बाबांना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा.

शनिवारी सकाळी आठच्या आत निघालात तर गॉलवेत माझ्याकडे चहाला या, पत्ता वेगळा पाठवतो.