मदत हवी आहे: आमदारांकडून विधेयकात दुरुस्ती सुचवून घ्यायची आहे

सार्वजनिक इमारतींत व्हीलचेअर जाईल अशी सोय करण्याबद्दलचं एक विधेयक सध्या समितीकडे आहे, त्यातल्या एका कलमात जुन्या इमारतींना सरसकट सूट दिलीय आणि ती काढावी असं आम्हा अकरा जणांचं म्हणणं आहे. सगळे आमच्या आमदारांच्याच मतदारसंघातले मतदार, कुठल्याच पक्षाचे नाही.

आधी साठेक जणांकडून एकच मजकूर मेल करवला, ती चूकच झाली, सगळ्यांना तेच छापील उत्तर आलं. मग प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवाचं पत्र लिहिलं तेव्हा कुठे आमदारांच्या पीएचा फोन आला. त्यांना कलम नंबर आणि हवी ती शब्दरचना एका पानावर दिलीय. आता आमदारांची पंधरा मिनिटांची वेळ मिळालीय, पण ते स्वतः त्या समितीत नाहीत.

मोर्चा शक्य नाही, आमच्यातले चौघं व्हीलचेअरवर आहेत. पेपरात इतक्यात जायचं नाहीये, संबंध बिघडायला नकोत.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, या भेटीत त्यांना समिती अध्यक्षांना पत्र द्यायला सांगावं की चर्चेच्या वेळी सभागृहात दुरुस्ती मांडायला? आणि समितीतल्या सदस्यांना आपण थेट गाठलं, त्यांचे मतदार नसताना, तर ते ऐकतात का?