दुरुस्ती झाली, पण आवृत्ती अडली

या ओपन सोर्स प्रकल्पात दुरुस्तीचा कोड मुख्य शाखेत (मूळ कोडमध्ये) येऊनही नवी आवृत्ती निघत नाही, म्हणून 'मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) बदला' असं इथल्या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. वैताग समजतो, पण ही घाई मला धोक्याची वाटते. एक्सझेड युटिल्स या फाइल्स आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये 2022 साली एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर उशिराबद्दल असाच दबाव आला होता. पुढे अधिकार मिळालेल्या मदतनिसानेच 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, घुसवलं. मार्च 2024 मध्ये एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका डेव्हलपरला खटकलं, म्हणून ते सापडलं.

ज्यांचं काम आजच अडलंय त्यांनी दुरुस्तीचा तो एक कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) पिन करून, म्हणजे नेमका तोच ठरवून, वापरावा. आणि कुठल्या सिस्टिमवर तपासलं ते इश्यूमध्ये (प्रकल्पातल्या या अडचणीच्या नोंदीत) जरूर लिहा. मेंटेनरला अशा चाचणीचीच खरी मदत होते.