जुना पेट्रोल लॉनमोअर: उघडायचा की काढून टाकायचा?

हंगामाच्या सुरुवातीला गवत कापायच्या या यंत्राची दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि प्रश्न पडतो: याच्यावर अजून खर्च करायचा की नवा घ्यायचा? ज्यांचे हात या कामात काळे झालेत त्यांनी इथे लिहावं. ‘नवा घ्या, कटकट मिटेल’ आणि ‘जुन्याची सर नव्याला नाही’, हे दोन्ही प्रतिसाद नकोत. काय तपासायचं, कशाने मोजायचं, काय गेलं की थांबायचं, ते हवं.

सुरुवात करून देते; प्रत्येक चांदणीनंतर (*) नवा प्रतिसाद. मोअर सुरू होत नाही, हे तो टाकून देण्याचं कारण नव्हे. सुरू व्हायला जे लागतं ते प्लग, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी), दोरी हे सगळं बाहेरून दोनचार बोल्टांवर बसलेलं असतं. निकाल लागतो तीन ठिकाणी: क्रँकशाफ्ट (पातं फिरवणारा इंजिनचा दांडा) सरळ आहे का, सिलिंडर दाब धरतो का, आणि इंजिन ज्या पत्र्यावर बसलंय तो (डेक) शाबूत आहे का. आधी ही तीन बघा, कार्बोरेटर मागाहून. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नवा कार्बोरेटर बसवून होतो, इंजिन छान फुरफुरतं, आणि मग हँडलला हात लावला की वाकड्या शाफ्टच्या थरथरीने दात वाजायला लागतात.

प्लगची वायर काढून लांब अडकवल्याशिवाय पात्याला हात लावू नका. टाकी रिकामी करा. मोअर कलता करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला हवा. उलटा कलवला की तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, पुढे पांढरा धूर निघतो आणि माणूस पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून उगाच धसका घेतो.

*

क्रँकशाफ्टची परीक्षा फूटपट्टीने होते. मोअर सपाट फरशीवर ठेवा. पात्याचं एक टोक पुढच्या बाजूला आणा, टोकापासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा. पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक बरोबर त्याच जागी आणा, पुन्हा मोजा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर काहीतरी वाकलंय, पण काय, ते अजून कळलेलं नाही. आता बोल्ट सोडा, शाफ्ट जागचा हलू न देता फक्त पातं अर्धा फेरा फिरवून बसवा आणि तीच दोन मापं पुन्हा घ्या. खाली येणारं टोक पात्याबरोबर सरकलं तर पातं वाकडं. तेच माप शाफ्टच्या त्याच बाजूला राहिलं तर शाफ्ट वाकडा. (पात्याचा अडॅप्टर, म्हणजे पातं शाफ्टला जोडणारा तुकडा, झिजला असला तरी असंच दिसतं, म्हणून तो काढून शाफ्टचं उघडं टोकही बघा: प्लग काढून दोरी हळू ओढायची आणि बोल्टच्या भोकाचा मध्य जागेवर राहतो की गोल हिंडतो ते पाहायचं.)

शाफ्ट वाकडा निघाला तर विषय संपला. ‘प्रेसवर सरळ करून देतो’ म्हणणारे भेटतात. करू नका. वाकवून परत सरळ केलेल्या पोलादात बारीक चीर राहू शकते, आणि ५३ सेंमी.चं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक सेकंदाला सुमारे ८३ मीटरने जात असतं, म्हणजे ताशी जवळपास ३०० कि.मी. ते तुमच्या पायापासून हातभर अंतरावर असतं.

*

दाबाबद्दल. गेज लावून आकडा कमी आला म्हणून इंजिन मोडीत काढू नका. बहुतेक चार स्ट्रोक मोअरमध्ये दोरी ओढायला हलकी जावी म्हणून कॅमशाफ्टवर डिकॉम्प्रेशनची सोय असते. ती सुरू होतानाच्या वेगाला एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यामुळे धडधाकट इंजिनही गेजवर मरतुकडं दिसतं. त्यापेक्षा वरचं झाकण काढून फ्लायव्हील (शाफ्टच्या वरच्या टोकावरचं जड चाक) हाताने उलट्या दिशेने झटक्यात फिरवा. दाब चांगला असेल तर ते चेंडूसारखं परत उसळतं. मऊ फिरत राहिलं तर गळती आहे.

गळती कुठे, ते शोधायला प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा तेल सोडा, दोनतीनदा दोरी ओढा आणि पुन्हा बघा. उसळी सुधारली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. कॉम्प्रेसर असेल तर अजून सोपं: पिस्टन वर आणून, शाफ्ट घट्ट धरून प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, तेलाच्या काठीच्या भोकातून आली तर रिंगा.

यातलं व्हॉल्व्ह आणि गॅस्केट दुरुस्त करण्यासारखं आहे. व्हॉल्व्हची फट कमी झाली एवढंच असतं कधी कधी. होंडाच्या जीसीव्ही १६० इंजिनाला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मि.मी., इंजिन थंड असताना. फीलर गेज आणि पाना, अर्ध्या तासाचं काम. बोअरला उभे चरे दिसत असतील तर मात्र नव्या रिंगा घालूनही तेल खाणं थांबणार नाही.

*

दगड किंवा झाडाचं मूळ लागून बंद पडलेल्या मोअरबद्दल वेगळं लिहितो, कारण असे मोअर सर्वात जास्त फुकट टाकले जातात. लक्षणं ठरलेली: प्लगला ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, दाबही आहे, तरी सुरू होत नाही, किंवा दोरी हातातून उलटी हिसकावली जाते, किंवा सायलेन्सरमधून बार निघतो. फ्लायव्हीलची चावी गेलेली असते.

ही चावी म्हणजे काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडा जाड, बोटाच्या पेरापेक्षा आखूड धातूचा तुकडा. बऱ्याच इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पातं अडकलं की शाफ्ट जागच्या जागी थांबतो, जड फ्लायव्हील मात्र पुढे जायला बघतं आणि मधली चावी कातरली जाते. पूर्ण तुटायलाच हवी असं नाही. नट काढून वरून बघा: शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच समोरासमोर एका रेषेत हवी. चावीचा वरचा भाग खालच्या भागापासून नखभरसुद्धा सरकलेला दिसला, मधे एक पायरी पडलेली दिसली, की ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. फ्लायव्हील पुलरने काढा, शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारू नका, आटे जातात. शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडं पुसून घ्या. तिथे तेल राहिलं तर नवी चावीही टिकणार नाही, कारण खरी पकड त्या निमुळत्या भागाची, चावी फक्त जागा दाखवते. पोलादी चावी घरी घासून बसवण्याचा शहाणपणा नको. पुढच्या दगडाला चावीऐवजी शाफ्ट जाईल.

आणि हो, चावी तुटली असेल तर वरची फूटपट्टीची परीक्षा आधी. दोन्ही एकाच धक्क्यात झालेलं असू शकतं.

*

आता कार्बोरेटर. आधी खात्री करा की दोष तिथेच आहे: प्लगच्या भोकात अर्धा चमचा ताजं पेट्रोल टाकून प्लग बसवा आणि दोरी ओढा. दोन सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक, पेट्रोल पोचत नाहीये. कारण बहुधा मागच्या हंगामातलं पेट्रोल. महिनाभरात त्यातले हलके घटक उडायला लागतात, मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरच्या बाउलच्या (खालच्या वाटीच्या) तळाशी पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसतो तो याचाच.

बाउलखालचा नट सोडा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या कित्येक कार्बोरेटरांत हा नट हाच जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भाग) असतो: मधून उभं भोक, बाजूने बारीक आडवी भोकं. लोक त्याला नुसता नट समजून पुसून परत लावतात. उजेडाकडे धरा, प्रत्येक भोकातून गोल, कडा स्वच्छ असलेला ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसत असेल तर अजून कचरा आहे. साफ करायला विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घ्या. सुई किंवा ड्रिलचं टोक नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं.

इंजिन चालतं पण रेस सतत खालीवर होते? आयडलचा बारीक जेट तुंबलाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय. चालू इंजिनवर चोक थोडा लावून बघा. रेस स्थिरावली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. गव्हर्नरच्या (रेस आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा ओढूनताणून रेस ‘सेट’ करायला जाऊ नका. उघडण्याआधी मोबाईलवर स्प्रिंगांचा फोटो काढून ठेवा, कुठली कुठल्या भोकात होती ते नंतर देवालाही आठवत नाही.

काही जुन्या इंजिनांत कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावरच बसलेला असतो आणि आत रबरी पडदा असतो. तो कडक झाला, सुरकुतला की पेट्रोल खेचणं बंद. पडदा आणि गॅस्केट बदललं की काम झालं, पूर्ण कार्बोरेटर लागत नाही.

*

वीस मिनिटं उत्तम चालून बंद पडणं, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होणं: कॉइल. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी तपासा. थंड झाल्यावर ती येणारच. नवी कॉइल ठरवण्याआधी हँडलच्या ब्रेकमधून येणारी किल वायर (ठिणगी तोडून इंजिन बंद करणारी) कॉइलपासून सोडून तपासा, केबल सैल पडल्याने ती अर्थ होत असते. नवी बसवताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासून साधारण ०.२५ ते ०.३५ मि.मी. अंतर, व्हिजिटिंग कार्ड मधे धरून बोल्ट आवळला की झालं. आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलं तरी अगदी अशीच लक्षणं दिसतात. बंद पडल्यावर झाकण सैल करून बघायला काही लागत नाही, ते पहिल्यांदा.

*

डेकचा पत्रा. खालून सुकलेलं गवत खरवडून काढा, मगच बोला. त्या ओल्या थराखालीच पत्रा कुजतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घेऊन इंजिनच्या तीन बोल्टांभोवती, चाकांच्या जागी आणि हँडलच्या जोडाजवळ जोराने दाबा. आत गेलं, तर मशीन काढून टाका. कडेला किंवा गवत बाहेर पडतं त्या तोंडाशी भोक असेल तर पत्र्याचा तुकडा रिबिट मारून चालतो. बोल्टांभोवतालचा पत्रा तडकलेला असताना इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी उपयोग नाही.

*

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. बोल्टाभोवती नुसती तडक आहे आणि पत्रा जाड, चकचकीत आहे, गंज नाही, तर खालून तीन मिलिमीटरची प्लेट लावून वेल्ड करता येतं. कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही हे खरं, तो जळून भोक मोठं होतं. वेल्डिंगआधी इंजिन आणि टाकी पूर्ण उतरवा. ॲल्युमिनियमच्या डेकला गंजाची ही भानगड नाही, पण तो तडकला तर गल्लीतल्या वेल्डरचं काम नाही.

*

तेल बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. काढलेलं तेल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात तिरपं धरा. काळं असणं दोष नाही. चंदेरी चमक तरंगत असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि शाफ्ट जोडणारा) किंवा बोअर झिजतंय, त्या इंजिनवर पैसे घालू नका. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर घाबरू नका, पण चालवूही नका: कार्बोरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसत नाहीये, रात्रभर पेट्रोल सिलिंडरमार्गे खाली उतरलंय. सुई आणि सीट बदला, तेल बदला. १६० सीसीच्या इंजिनाला जेमतेम ०.५५ लिटर तेल लागतं. एवढ्याशा तेलात पातळपणा आला की रॉड जायला वेळ लागत नाही.

*

सिलिंडर मोअरला (पाती गोल रिळावर, खाली स्थिर पातं) वरचे बरेच नियम लागू नाहीत. तिथे इंजिन दुय्यम, ते बदलता येतं. रीळ आणि खालचं पातं यांच्यात वर्तमानपत्राची पट्टी धरून रीळ हाताने फिरवा. पूर्ण रुंदीभर कात्रीसारखी कापली गेली पाहिजे. मधेच चुरगळली तर धार लावून घ्या. पात्यांची उंची अजून भरपूर असेल, बेअरिंगमध्ये खेळ नसेल, तर असं ओतीव बांध्याचं जुनं मशीन काढू नये असं माझं स्पष्ट मत.

*

टू स्ट्रोक असेल तर आधी सायलेन्सर काढा. एक्झॉस्टचं तोंड कार्बनने अर्धं बुजलेलं असतं. पिस्टन खाली आणून तोंड मोकळं करा, लाकडी काडीने खरवडा, लोखंडाने नाही. २५:१ म्हणजे लिटरला ४० मि.लि. तेल. क्रँकचे सील गळत असतील तर रेस आपोआप चढते आणि उतरत नाही. सील मिळत असतील तर बदलण्यासारखे आहेत.

*

खर्चाचा हिशोब एका भागावर करू नका. ‘निम्म्या किमतीच्या वर गेलं की नवा’ हा नियम सांगायला बरा, पण कार्बोरेटर आज, बेल्ट पुढच्या महिन्यात, चाकाचे दाते त्यानंतर, असं तुकड्यातुकड्याने तो नियम कधीच लागू होत नाही. सगळी यादी एकदम करा. सेल्फ ड्राइव्ह (इंजिनच चाकं फिरवतं असा) असेल तर मागच्या चाकांच्या आतले प्लास्टिकचे दाते, पिनियन, बेल्ट आणि गिअरबॉक्स यादीत हवेतच. चालणारं इंजिन आणि मेलेला गिअरबॉक्स हे जोडपं फार दिसतं.

भाग मागवण्याआधी इंजिनावरचा नंबर उतरवून घ्या. ब्रिग्जला मॉडेल, टाइप, कोड असे तीन असतात. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. मोअरच्या नावावर भाग मागवला तर चुकीचा येतो, कारण एकाच मोअरवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं बसलेली असतात.

डेक चांगला आणि इंजिन गेलेलं, तर पूर्ण इंजिन बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. पण शाफ्टचा व्यास (बहुधा २२.२ किंवा २५.४ मि.मी.), खाली येणारी लांबी आणि बोल्टांची जागा, तिन्ही जुळली पाहिजेत. लांबी पाव इंच चुकली तरी पातं डेकच्या कडेखाली डोकावतं किंवा बेल्टची पुली रेषेत येत नाही.

*

काढायचाच ठरला तर पेट्रोल आणि तेल उपसून मगच द्या. कॉइल, दोरीचा संच, केबल, चांगली चाकं आणि टाकीचं झाकण काढून ठेवा. कार्बोरेटर ठेवणार असाल तर कोरडा करून, त्याच्या सगळ्या स्प्रिंगा आणि दांड्या तारेने त्यालाच बांधून.